नुसतं उभं राहायचं म्हणे

सकाळी सकाळी एकानं रील पाठवलं. जुनी लाईटशिप, आत सोफे, झुंबर, आन् खाली कमेंट, "किती क्यूट!" डोकंच फिरलं.

परभणीच्या माणसाला समुद्राचं काय पडलंय म्हणाल. खरंय, लेकीकडं जायच्या आधी जायकवाडीच्या पुढं पाणी बघितलं नव्हतं आम्ही. पण न्यूयॉर्कला तिनं अँब्रोज नावाची जुनी लाईटशिप दाखवली, 1908 ला कामाला लागलेली, लालभडक, अंगावर पांढऱ्या अक्षरात नाव. जिथं दीपस्तंभ बांधता येत नाही, खाली वाळू सरकती नाहीतर पाणी खोल, तिथं नांगर टाकून उभं केलेलं दिव्याचं जहाज. वादळ आलं की बाकीचे बंदराकडं पळणार, हिनं जागा सोडायची नाही. इंग्लंडातल्या बहुतेकींना तर इंजिनच नसायचं, ओढत नेऊन ठेवायचे, म्हंजे पळायची सोयच नाही!

सोबत आमचे साडू होते. म्हणले, "नुसतं उभं राहायचं आन् पगार उचलायचा, मजा हाय की." कोण म्हणतंय, तर उभ्या जन्मात एक नाईट ड्यूटी न केलेला माणूस!

साडू, ऐका मंग. 15 मे 1934, अमेरिकेतल्या नॅन्टकेट बेटाकडची लाईटशिप, दाट धुकं. मोठाली जहाजं तिच्याच रेडिओ सिग्नलचा माग धरून यायची, म्हंजे सरळ तिच्या अंगावर. टायटॅनिकची बहीण ऑलिंपिक तशीच आली आन् तिला बुडवून गेली. 11 माणसं होती, 7 गेली. नुसतं उभं राहून! ऑलिंपिक ब्रिटिशांची, मग त्यांच्या भरपाईतून 112 नंबरची नवी बांधली आन् तीपण नेऊन तिथंच उभी केली.

आता पाण्यावर तरंगणारे बोया आलेत, जीपीएस आलं, माणसं मरत नाहीत, चांगलंच झालं. 1983 ला नॅन्टकेटची जागापण बोयाला दिली. पण तिथल्या शेवटच्या जोडीतली एक आज श्रीमंतांची यॉट झालीय, भाड्यानं मिळते, आन् लोक तिच्यावर पार्ट्या करायलेत.

बरं, लोखंड खाऱ्या पाण्यात सडतं, डागडुजीला पैसा लागतो, कुणी घेतली नसती तर भंगारातच गेली असती. मान्य करावं लागतं, काय करता. पण इथं आधी कोण राहायचं, धुक्यात भोंगा वाजत असताना कसं झोपायचं, एवढी एक पाटी लावायला काय जातं हो? साडूसुद्धा अँब्रोजवरच्या बारक्या खोल्या बघून जरा गप झाले होते, खोटं कशाला बोलू.

ती 112 नंबरची बोस्टनला म्युझियम म्हणून उभी हाय. कुणाचं लेकरू तिकडं असंल तर जाऊन ये म्हणावं, आन् चार डॉलर जास्तीचे दे म्हणावं, रंगाला लागतात.