पस्तीस मिलिमीटर

गाडीला लोअरिंग स्प्रिंगा, म्हणजे तिची उंची कमी करणाऱ्या आखूड स्प्रिंगा, बसवल्या की ती नेमकी किती खाली येते, हा प्रश्न दिसायला सरळ असला तरी त्याचे उत्तर मला प्रत्येकाने निराळ्या मापात दिले आहे. स्प्रिंगांच्या खोक्यावर ३५ मिलिमीटर असे छापलेले होते. "मामा, एकदम कडक बसते गाडी," हे आमच्या भाच्याचे माप. गॅरेजच्या मिस्त्रींनी टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत हात घातला आणि "आत्ता चार बोटं आहे साहेब, दोनावर आणतो," असे सांगितले. भाताचे पाणी पेराने मोजणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाने बोटांच्या मापाला नावे ठेवू नयेत, हे मला मान्य आहे, परंतु उभी हयात कारखान्याच्या तपासणी विभागात व्हर्नियर कॅलिपर हाताळण्यात गेल्यामुळे "कोणाची बोटे?" असे मी विचारले. मिस्त्रींची दोन बोटे म्हणजे माझी जवळजवळ तीन भरतात. मिस्त्रींनी भाच्याकडे पाहिले, भाच्याने मोबाइलकडे पाहिले.

गाडी माझी, स्विफ्ट, हौस भाच्याची. टायरच्या वर दिसणारी ती फट त्याच्या सौंदर्यदृष्टीला सहन होत नव्हती. मी एकाच अटीवर परवानगी दिली, की गाडी किती खाली आली हे मला मिलिमीटरमध्ये कळले पाहिजे.

जुनी आणि नवी स्प्रिंग शेजारी शेजारी उभ्या केल्या, तेव्हाच पहिला वाद झाला. नवी स्प्रिंग चांगली ६० मिलिमीटरने आखूड होती. खोक्यावर ३५ आणि प्रत्यक्षात ६० असा माल आमच्या विभागातून कधीही बाहेर पडला नसता. यावर मिस्त्री एवढेच म्हणाले, "साहेब, ती कडक आहे. वजन पडल्यावर बघा." उत्तर त्रोटक असले तरी शास्त्रशुद्ध होते, हे मला घरी येऊन कागदावर मांडल्यावर पटले. समजा, पुढच्या एका स्प्रिंगवर २५० किलोचा भार येतो. जुनी स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला दोन किलो लागत असतील, तर ती १२५ मिलिमीटर दबेल. नवीला अडीच किलो लागत असतील, तर ती १०० वरच थांबेल. म्हणजे ६० ने आखूड असलेली स्प्रिंग २५ ने कमी दबते आणि गाडी ३५ नेच उतरते. मात्र या हिशेबात इंजिन जड असले की आकडा बदलतो, आणि आमच्या जुन्या स्प्रिंगा तर वर्षानुवर्षे नातेवाईक वाहून आधीच काहीशा बसलेल्या होत्या, त्यामुळे ते ३५ कोणत्या उंचीपासून मोजायचे, याचा खुलासा खोक्यावर कोठेही नव्हता.

मोजमाप मी स्वतः केले. हे माप जमिनीपासून घेऊ नये, कारण टायरमधली हवा कमीजास्त झाली की तेही बदलते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंत घ्यावे. जॅक काढल्याबरोबर टेप लावली, तर गाडी जेमतेम २० मिलिमीटर उतरलेली. भाच्याचा चेहरा त्याहून अधिक उतरला. मिस्त्रींनी शांतपणे गाडी पुढे-मागे ढकलली, दोन-चार वेळा दाबली, आणि सस्पेन्शनच्या सांध्यांमधल्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पक्के केले. हे बोल्ट चाके लोंबकळत असताना आवळले, तर रबर पिळलेले राहते आणि गाडीला वर धरून ठेवते. यानंतर माप आले ते पुढे ३३ आणि मागे २८. उजवीकडची पुढची बाजू दोन मिलिमीटर उंच राहिली होती. आपण ड्रायव्हरच्या जागेवर बसलात की तेवढी भरून निघेल, असे मिस्त्रींनी माझ्या पोटाकडे पाहत सांगितले. पुढे चाके सरळ रेषेत लावण्याचे, म्हणजे अलाइनमेंटचे, बिल आले, त्याविषयी बोलत नाही.

खरी परीक्षा गतिरोधकांवर झाली. आमच्या स्विफ्टची जमिनीपासूनची मूळ उंची कागदोपत्री १६३ मिलिमीटर. त्यातून ३३ वजा जाता १३० उरले. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये २.४५ मीटरच अंतर असल्यामुळे अशा गतिरोधकावर अख्खी गाडी चढते, आणि मधला उंचवटा चाकांच्या पातळीच्या वर जेमतेम ४४ मिलिमीटर येतो. तेथे भाच्याने आणखी दोन बोटे उतरवली असती तरी चालले असते. परंतु आमच्या गृहसंस्थेच्या दारातला गतिरोधक फूटभर रुंद आणि १४० मिलिमीटर उंच आहे. तो दोन्ही चाकांच्या मध्ये संपूर्ण मावतो आणि मग सगळीच्या सगळी उंची गाडीच्या पोटाशी जाते. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरला खर्रकन लागल्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचत असल्याने मी घरी आलो हे सांगायला आता बेल वाजवावी लागत नाही. गाडी तिरकी घातली की एकेक चाक वर चढते आणि निभावते. मागच्या रिक्षावाल्यांची त्यावरची मते येथे छापण्यासारखी नाहीत.

कायद्याचाही एक मुद्दा होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५००० रुपये दंड होऊ शकतो, तुरुंगवासाची तरतूद वेगळीच. चार स्प्रिंगा म्हणजे एक बदल की चार, हा प्रश्न मी भाच्याला विचारला, तेव्हा मालक कोण आहे याची त्याने मला आदराने आठवण करून दिली.

पत्नीने टेपला हातही लावला नाही. "अहो, पूर्वी मी गाडीत बसायचे, आता उतरायला तुमचा हात लागतो," एवढेच ती म्हणाली, आणि ते माप मला कोष्टकात कोठेच भरता आले नाही. वाईला लग्नाला निघताना मी सर्वांना वजने विचारून जागा ठरवल्या, त्यात सासूबाईंनी सांगितलेला आकडा मी सौजन्याने तसाच धरला. महामार्ग सोडल्यावर प्रत्येक गतिरोधकापाशी आमचे मेहुणे खाली उतरत, पलीकडे चालत जात आणि पुन्हा गाडीत बसत. "दाजी, पुण्यापासून मी किती मिलिमीटर चाललो?" असे त्यांनी एकदा विचारले, आणि परतल्यावर पेट्रोलचा आपला वाटा त्यांनी पायी चाललेले अंतर वजा करून दिला.