दारू एकच, नळ्या दोन

.३५७ मॅग्नमचे काडतूस रिव्हॉल्व्हर आणि लिव्हर-ॲक्शन रायफल (खालचा दांडा ओढून काडतूस नळीत सरकवणारी) या दोन्हींत चालते, म्हणून काडतुसात भरायची कोणतीही दारू (जळून गोळीला ढकलणारी पूड) दोन्हींत सारखाच लाभ देईल, हा एका लेखातील निष्कर्ष मला घाईचा वाटतो. एच-११० सारख्या मंद जळणाऱ्या दारूचा वायू रायफलच्या लांब नळीत गोळीला अधिक काळ ढकलत राहतो आणि तिचा वेग लक्षणीय वाढतो. जलद जळणाऱ्या दारूला हा फायदा फारसा मिळत नाही. मात्र एच-११० (विंचेस्टर २९६ ही तीच दारू, केवळ डबा निराळा) उत्पादकाने छापलेल्या किमान मात्रेखाली कधीही भरू नये, कारण ज्वलन अनियमित होऊन गोळी नळीतच अडकू शकते. स्वतः काडतुसे भरणाऱ्या आणि सौम्य काडतुसे हवी असणाऱ्या अमेरिकी हौशींनी, अर्थात मात्रांच्या छापील तक्त्याच्या मर्यादेतच, ‘२४००’ ही जुनी दारू निवडावी, असे माझे मत आहे.