ओरडून उपयोग नाही

कमी ऐकू येणाऱ्यांशी कसं बोलावं यावरचा तुमचा लेख चांगला आहे, पण त्यातला ‘मोठ्याने बोला’ हा सल्ला काही पटला नाही. आमचे बाबा तीसेक वर्षं रत्नागिरीत मासेमारीच्या ट्रॉलरवर इंजिनाशेजारी होते. कानात कापसाचा बोळासुद्धा नसायचा. रोज आठ-आठ तास ८५ डेसिबलच्या वरचा आवाज सोसला की आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मरत जातात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. म्हणून समुद्राची गाज बाबांना ऐकू येते, पण ‘स’, ‘श’ निसटतात. आई मासळीचं विचारते, “सरंगा आणू?” बाबा म्हणतात, “कोण रंगा?” आम्ही हसतो, तेही हसतात, पण हल्ली जास्त वेळ पडवीत एकटेच असतात.

ओरडलं की ‘अ’, ‘आ’सारखे स्वर तेवढे दणदणीत होतात, ‘स’ आहे तिथेच राहतो. वर ते विचारतात, “भांडतोस कशाला?” त्यापेक्षा टीव्ही बंद करून, समोर बसून, जरा सावकाश बोलावं. कानाचं मशीन घेतलंय. पहिले पंधरा दिवस ते खणातच होतं, भांड्यांचा आवाज डोक्यात जायचा म्हणे. आता सवय होतेय. फक्त पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की काढून ठेवतात.