छताचं लॅच लागत नाही म्हणून हाणता काय?

काढता येणाऱ्या छताच्या गाड्यांचं हे दुखणं जुनंच, आणि त्यावरचा आचरट इलाजही जुनाच. लॅच लागत नाही? लिव्हरवर जोर द्या. तरी नाही? तळहाताने हाणा. मग लिव्हर मुठीशी कडकन मोडतो आणि वर्कशॉपवाले अख्खं लॅच बदलून मोकळे होतात. नवं लॅचही तिथेच अडतं, कारण दोष त्यात नव्हताच! डोकं फिरतं हे बघून.

अहो, लॅचचं काम किती? हुक चौकटीवरच्या स्ट्रायकरच्या खाचेत अडकवायचा आणि छताचं सुटं पॅनेल कडेच्या रबरी बीडिंगवर दाबून धरायचं. पॅनेलच जागेवर नसेल तर हुक पोचणार कसा? आधी पॅनेलच्या मागच्या कडेच्या पिना बघा. दोन्ही पिना सॉकेटात पूर्ण गेल्याशिवाय पुढची बाजू टेकवायचीच नाही. एक पिन दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहिली तरी पुढचा एक हुक लागतो आणि दुसरा हवेत लटकतो. लोक शिव्या घालतात त्या दुसऱ्याला! सॉकेटात साचलेली वाळू आणि पाल्याचा चुरा काढायला कोणी वाकत नाही.

गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर हवी. छत काढल्यावर बॉडीचा ताठपणा कमी होतो. एक चाक उंचावर किंवा गाडी जॅकवर असेल तर चौकट पिळते आणि हुक-स्ट्रायकरची रेषा चुकते. अशा वेळी कितीही जोर लावा, तुटेल पण लागणार नाही.

बीडिंगवर तर अत्याचारच चालतात. दिसेल तो गंज सोडवायचा स्प्रे मारायचा. पेट्रोलियमने रबर फुगतं, मऊ पडतं, आणि लॅच आणखी जड होतं. रबराला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, लॅचच्या धातूच्या खिळीला पांढरं लिथियम ग्रीस, एवढंच लागतं. नवं बीडिंग टाकलं असेल तर सुरुवातीला लिव्हर जड जाणारच. त्याच दिवशी स्ट्रायकर सैल करायची घाई कशाला? मग पुढे रबर दबलं की सैल पॅनेल खडखडतं आणि पाणी आत येतं.

एवढं सगळं तपासूनच स्ट्रायकरला हात लावा. आधी त्याच्या कडेने मार्करने रेघ मारा, नाहीतर मूळ जागा गेलीच म्हणून समजा. स्क्रू हलेल इतपतच सैल करायचे आणि अर्धा मिलिमीटर सरकवायचं. हुक आट्यांवर फिरणारा असेल तर एका वेळी अर्धाच फेरा. मग बीडिंगखाली कागदाची पट्टी ठेवून दोन्ही लॅच लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी घट्ट निघायला हवी. सहज सुटली तिथे दाब कमी, फाटली तिथे जास्त. बहुतेक लॅचचा लिव्हर शेवटाकडे जड होतो आणि मग मध्यबिंदू ओलांडून आपोआप बसतो. आधी बसणारा लिव्हर आता कुठेच जड होत नसेल तर दाब सुटलाय. वेगात छतावरून जाणारी हवा पॅनेल वर ओढते, आणि ते मागच्या गाडीवर जाऊन आदळू शकतं!

आणि डॅशबोर्डवरचा छताचा दिवा विझत नाही म्हणून लॅचच्या मायक्रोस्विचची वायर जोडून टाकणारे महाभाग! छत अर्धवट लागलंय, हेच तो दिवा सांगत असतो. स्विचचा दांडा दाबून बघा, दिवा विझला तर स्विच ठीक आहे. हुकच तिथवर पोचत नाहीये. परत पिनांपासून सुरू करा.