गाऱ्हाणं आणि कुरकुर : रावेरकडच्या ताईंना उत्तर

ताई, ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुमची प्रतिक्रिया वाचली तेव्हा आधी राग आला, म्हणून त्या दिवशी उत्तर दिलं नाही. आठ दिवसांनी पुन्हा वाचली आणि लक्षात आलं, की तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. जिथे ते मला पटत नाही तेही लिहिते.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की मिसरच्या गुलामीतून सुटल्यावर रानात देवाने रोज दिलेलं अन्न, म्हणजे मान्ना, खाऊन कंटाळलेल्या इस्राएलांसारखेच आपण झालो आहोत. मिळालेलं विसरायचं आणि न मिळालेलं मोजत बसायचं, हे पाप आहे. त्यावर तुमचे दोन सवाल. वादळात तुमच्या भावाची कापणीला आलेली केळीची बाग एका संध्याकाळी आडवी झाली, त्याने आता कशाचे आभार मानायचे? आणि दुसरा : मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, जमाखर्चाबद्दल विचारलं की 'कुरकुर करू नका' हेच वचन तोंडावर मारतात, माझ्यासारख्या पगारदार बाईचे लेख त्यांनाच उपयोगी पडतात.

दुसऱ्या सवालाचं उत्तर आधी देते, कारण तिथे मला काडीचीही शंका नाही. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा ६ वा अध्याय उघडा. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नाच्या वाटणीत हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या यहुदी, विधवांना डावललं जात होतं आणि त्यावरून कुरकुर सुरू झाली. मूळ ग्रीकमध्ये तिथे जो शब्द आहे, तोच प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात (फिलिप्पै २:१४) आहे, जिथे तो 'कुरकुर न करता सर्व करा' म्हणतो. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, त्या बायकांना समाधानाचा उपदेश केला नाही. सगळ्या मंडळीला बोलावलं, सात माणसं निवडायला लावली आणि वाटणीचं काम त्यांच्या हाती सोपवलं. निवडलेल्यांची नावं बघा, सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, कोठाराच्या किल्ल्या त्यांच्याच माणसांकडे गेल्या असं मला ती नावं वाचताना वाटतं. तेव्हा हिशेब मागणाऱ्याला जो कोणी कुरकुऱ्या म्हणतो, त्याला हा अध्याय वाचून दाखवा. अर्पणाच्या पिशवीत मजुरी करणाऱ्या बाईची दहाची नोट असते. तिचा हिशेब मागणं हा त्या बाईचा मान आहे. आणि 'मी समाधानी असायला शिकलो आहे' असं फिलिप्पैकरांना लिहिणाऱ्या पौलानेच त्यांच्या शहरात अधिकाऱ्यांना बजावलं होतं : चौकशी न करता आम्हाला चारचौघांत फटके मारलेत, आता गुपचूप काय सोडता, स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्या.

आता केळीची बाग. ताई, इथे माझी चूक झाली आणि ती मी कबूल करते. मान्नाची गोष्ट ज्यांच्या पुढ्यात मान्ना आहे त्यांच्यासाठी आहे. मिसरात विटा थापताना हेच लोक रडले तेव्हा देवाने त्यांना कुरकुरे म्हटलं नाही. त्यांचा आकांत मी ऐकला आहे, त्यांचं दुःख मी जाणतो, असं तो त्यांचा पुढारी होणाऱ्या मोशेला म्हणाला. वर्षभर पाणी, खत, मजुरी घातलेली, निसवून घड भरलेली बाग ज्याच्या डोळ्यांदेखत झोपली, त्याला मी मान्ना पुढ्यात असताना मिसरातल्या कांदे-लसणाची आठवण काढणाऱ्यांच्या रांगेत बसवायला नको होतं.

शिवाय मान्नाची ही गोष्ट ज्यात आहे, त्या गणना या पुस्तकातल्या ११ व्या अध्यायाचा मी अर्धाच भाग सांगितला होता. तिथे या गोष्टीत तक्रारी दोन आहेत. लोक आपापल्या डेऱ्याच्या दाराशी बसून रडतात : मिसरात मासे फुकट मिळत, काकड्या होत्या, खरबुजं होती. (फुकट! तिथली गुलामी ते विसरले.) दुसरी तक्रार मोशेची आणि ती जास्त तिखट आहे. या सगळ्यांना मी जन्म दिला का, हे ओझं मला झेपत नाही, असंच वागवणार असशील तर मला एकदाचं मारून टाक, असं तो सरळ देवाला म्हणतो. देव त्याला रागवत नाही, ओझं वाटून घ्यायला सत्तर वडील देतो. मोशेने पदर धरून गाऱ्हाणं घातलं, लोकांनी पाठ करून कुरकुर केली. तुमचा भाऊ देवाशी भांडत असेल तर भांडू द्या. हबक्कूकाचं 'अंजिराचं झाड फुललं नाही तरी' हे वचन त्याला इतक्यात कोणी ऐकवू नका. ते तिसऱ्या अध्यायात येतं, आणि पहिल्या अध्यायात तोच संदेष्टा 'कोठवर?' म्हणून ओरडला आहे.

पण एक गोष्ट मी मागे घेणार नाही. कृतघ्नता आहे, आणि ती भरल्या घरात असते. माझ्यात होती, म्हणून तो लेख लिहिला होता.

माझे वडील अर्धांगवायूने चार वर्षं अंथरुणावर होते. साक्रीकडे, गावी, भावाच्या घरी. मी धुळ्याहून पंधरा दिवसांनी जायची. गेल्या गेल्या वहिनी म्हणायची, "बठा ताई, चहा ठेवस." आणि मी चहा यायच्या आत चादर उचलून बघायची. वास का येतोय, नखं का वाढलीत, भाजीत मीठ जास्त का. ती काही बोलायची नाही. एका मे महिन्यात मी मुक्कामाला राहिले. रात्री दोनच्या सुमाराला जाग आली, तर कंदिलाएवढ्या उजेडात वहिनी वडिलांना कुशीवर वळवत होती. एक हात मानेखाली, गुडघा खाटेच्या कडेला टेकवलेला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी वळवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घड्याळाचा गजर नव्हता, तिला आपोआप जाग यायची. कपड्यांच्या साबणाने तिची बोटं चिरली होती, दोन बोटांना चिंधी बांधलेली होती.

सकाळी मी वडिलांच्या उशाशी लांबलचक प्रार्थना केली. देवाचे आभार मानले, आयुष्याबद्दल, औषधांबद्दल, चांगल्या डॉक्टरांबद्दल. वहिनी दाराशी डोक्यावर पदर घेऊन उभी होती. माझ्या प्रार्थनेत तिचं नाव नव्हतं.

वडील गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तिला हे सगळं बोलून दाखवायला मला त्यातली सहा लागली. ऐकून ती म्हणाली, मला तर ते आठवतही नाही, आणि भाकरी थापू लागली. मला मात्र ती प्रार्थना शब्दन् शब्द आठवते.

कुरकुर म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे ही खाट होती, तुमच्या भावाची बाग नव्हती. हे लेखातच लिहायला हवं होतं. ते आता वर दुरुस्ती म्हणून जोडलं आहे, आणि खाली तुमची प्रतिक्रिया तशीच ठेवली आहे.

भावाला माझा सलाम सांगा. पंचनामा झाला का? आणि पडलेले घड कोणी व्यापारी उचलतोय का, तेही कळवा.