जामीन मिळाला, पावती मिळेना

आमच्या इंदूरच्या घराची बैठकीची खोली गेल्या वर्षी तीन आठवडे अर्धी पिस्ता आणि अर्धी जुनी पिवळी होती, कारण रंगारी तुरुंगात होता. मूळचा झाबुआकडचा, पण वीसेक वर्षं इंदुरातच. काकांच्या भिंती दर चार-पाच वर्षांनी तोच रंगवतो. खोलीच्या भाड्यावरून कुणाशी तरी भांडला, समोरच्याचं डोकं फुटलं, केस झाली. आठवडाभरात जामीन मंजूर झाला: पंचवीस हजारांचा जातमुचलका (आरोपीची स्वतःची लेखी हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. इथे न्यू जर्सीत फोनवर मी म्हणालो, "चला, सुटला एकदाचा." काका म्हणाले, "कसला सुटतो रे! पावती कुठून आणायची?"

माळव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ही दुकानातली पावती नव्हे. शेतजमीनवाल्याकडे जी भू-अधिकार ऋण-पुस्तिका असते, तिला आमच्याकडे पावती म्हणतात. महाराष्ट्रात सातबाऱ्याला जो मान, तोच तिला. जामीनदार ती कोर्टात हजर करतो आणि कोर्ट तिच्यावर जामिनाची नोंद करतं. रंगाऱ्याच्या भावाकडे झाबुआत थोडी जमीन होती. पण "इथला माणूस आणा" असं सांगण्यात आलं, आणि भाऊ एसटीच्या भाड्याला मुकून परत गेला. (एसटी हा माझा शब्द. मध्य प्रदेशात सरकारी बस बंद पडून जमाना झाला, पण मराठी तोंडातून ती जात नाही.)

यात गंमत अशी की हा प्रश्न मध्य प्रदेशातल्याच एका माणसानं देशासाठी सोडवून ठेवला आहे. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. खालच्या दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर चांगलेच कोरडे ओढले आणि गवंड्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं. तेव्हा गवंडी होता, आता रंगारी. मधे पंचेचाळीसहून जास्त वर्षं गेली.

आता माझ्याबद्दल. काकांच्या नावावर शेती नाही, पण घराची रजिस्ट्री आहे आणि ती देऊन जामीनदार होता आलं असतं. काकांनी विचारलंही, "देऊ का कागद?" मी दोन सेकंदांत उत्तर दिलं: "काका, तुम्ही यात पडू नका." तो पळाला तर घरावर नोटीस येईल, या वयात कोर्टाच्या खेपा, असं बरंच बोललो. माणूस पळणारा नाही हे मला माहीत होतं. त्याची बायको, दोन मुलं, भिशीची रक्कम, सगळं इंदुरात. तरी बोललो. शेवटी वकिलाच्या मुन्शीनं पैसे घेऊन एक पावतीवाला उभा केला. त्याला रंगाऱ्याच्या बापाचं नावसुद्धा कागदात बघून वाचावं लागलं. जामीन मंजूर झाल्यापासून एकोणीस दिवसांनी रंगारी बाहेर आला. बनावट पावत्यांवर जामीन घेणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या आपण चवीनं वाचतो. ओळखीचे लोक माझ्यासारखे वागतात, म्हणून त्या टोळ्यांचं पोट भरतं.

मी ज्या राज्यात राहतो, तिथे पावतीच्या जागी रोकड होती. कोर्ट रक्कम ठरवायचं. ज्याच्याकडे ती नसेल तो जामिनाची हमी घेणाऱ्या दलालाला दहा टक्के द्यायचा, आणि ते कधी परत मिळायचे नाहीत. जे तेवढेही देऊ शकत नव्हते ते आत. २०१३ च्या एका पाहणीत आढळलं की न्यू जर्सीच्या जेलांमधले १२ टक्के लोक केवळ अडीच हजार डॉलर किंवा त्याहून कमी रक्कम नसल्यामुळे आत होते. २०१४ च्या नोव्हेंबरात मतदारांनी राज्याच्या घटनादुरुस्तीला होकार दिला आणि १ जानेवारी २०१७ पासून रोख जामीन जवळजवळ संपला. आता अटक झालेल्या माणसाची नऊ गोष्टींवरून चाचपणी होते: वय, आधीच्या शिक्षा, आधी तारखा चुकवल्या का वगैरे. आणि ४८ तासांत निर्णय होतो. सरकारी वकिलाला माणूस आतच हवा असेल तर वेगळी सुनावणी मागावी लागते. आत ठेवलाच, तर ९० दिवसांत आरोप निश्चित व्हायला हवेत आणि त्यानंतर १८० दिवसांत खटला.

आमच्या गोदामातला एक सहकारी बारमधल्या हाणामारीत पकडला गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी होता. सुनावणीच्या आधी त्याच्या फोनवर मेसेज आला: अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक खोली. मला आठवतं, तो मेसेज दाखवत हसत म्हणाला होता की दाताचा डॉक्टरही अशीच आठवण करतो.

काकांना हे सांगितलं तर ते भडकले. "सगळ्यांना सोडा आणि मेसेज पाठवा! इंदुरात चेन ओढणारे तिसऱ्या दिवशी त्याच चौकात दिसतात, ते आधी बघ." काकांचा राग खोटा नाही, आणि न्यू जर्सीही स्वर्ग नाही. सुधारणेआधी ९२.७ टक्के लोक तारखेला हजर राहायचे, नंतर ८९.४. थोडी घट झाली, पण आभाळ कोसळलं नाही. खटल्याआधी आत असलेल्यांची संख्या मात्र २०१५ च्या अखेरीपासून तीन वर्षांत ४४ टक्क्यांनी उतरली. एक गोष्ट सुधारली नाही: जेलमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण २०१२ मध्ये ५४ टक्के होतं, २०१८ मध्येही ५४. शेजारच्या न्यूयॉर्कनं २०२० मध्ये असाच कायदा लागू केला आणि लोकांच्या ओरड्यापुढे तो तीनदा बदलला.

आपल्याकडे कायदा कमी आहे असं नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी (ज्यांचा खटला अजून संपलेला नाही) होते, म्हणजे चारात तीन. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच अडकलेल्याने कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं (जन्मठेप-फाशीचे गुन्हे वगळून). पण एकाहून जास्त केसेस असतील तर हा दरवाजा बंद. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नये. केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजना आहे, कच्च्या कैद्याला पैशांची मदत. पण रंगाऱ्याला पैसा नव्हे, पावतीवाला माणूस हवा होता. तो सरकार कुठून देणार?

तुरुंगाला पर्याय म्हणून आपल्याकडे जे सुचतं ते फार मजेशीर असतं. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने जामिनाच्या अटीत झाडं लावायला सांगितली. इंदूर खंडपीठाने २०२० मध्ये विनयभंगाच्या आरोपीला तक्रारदार बाईकडून राखी बांधून घ्यायला सांगितलं. ती अट सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये रद्द केली. दुसऱ्या टोकाला फोनवरचं गुगलचं लोकेशन पोलिसांना सतत देण्याची अट. तीही जुलै २०२४ मध्ये गेली. राखी आणि उपग्रह यांच्या मधे एक साधी गोष्ट आहे, ती कुणाला सुचत नाही: पेशीच्या, म्हणजे कोर्टातल्या तारखेच्या, आदल्या दिवशी फोन करणारा पगारी माणूस. न्यू जर्सीकडून काही घ्यायचंच असेल तर मी नऊ प्रश्नांचं गणित सोडून देईन आणि तो फोन करणारा घेईन. लोक तारीख चुकवतात ती बहुतेकदा पळून जायचं म्हणून नाही. मजुरी बुडते, तारीख मुन्शीच्या डायरीत असते, कागद इंग्रजीत असतो.

हे सगळं मी मागच्या रविवारी काकांना ऐकवलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "एक मिनिट थांब." फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीवरचं कालनिर्णय मला दाखवलं. एका गुरुवारभोवती निळा गोल होता, खाली लिहिलं होतं: 'पेशी, रंगारी'. आदल्या रात्री काका त्याला फोन करतात. सकाळी साडेआठला परत एकदा, कारण त्याचा मोबाइल रात्री चार्जिंगला नसतो. आतापर्यंत सहा पेशा झाल्या, सहाही वेळा तो हजर होता. बैठकीच्या उरलेल्या भिंतीही त्यानंच पूर्ण केल्या. रंगाच्या छटेत थोडा फरक पडलाय, असं काकूंचं म्हणणं आहे.