बटणाने रेझ केलं म्हणून बिग ब्लाइंड सोडून देऊ नका

सहा जणांच्या किंवा त्याहून लहान टेबलावर नो-लिमिट होल्डेम (हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची पाच, आणि किती लावायचं याला मर्यादा नाही असं पोकर) खेळायला बसलेल्या नवीन माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: बिग ब्लाइंडमध्ये (पानं बघण्याआधीच सक्तीची रक्कम भरणारी जागा; त्या रकमेलाही हेच नाव, आणि तिच्यातच सगळे आकडे मोजतात) असताना बटणाने (टेबलावर पानं उघडल्यावर शेवटी चाल करणाऱ्या जागेने) रेझ केलं (रक्कम वाढवली), तर तगडी पानं असल्याशिवाय फोल्ड कर (पानं टाकून दे). त्यामागची कारणंही ठरलेली असतात. या जागेवर सगळेच हरतात. टाकलेला ब्लाइंड आता तुझा नाही. फ्लॉपनंतर (टेबलावर पहिली तीन पानं उघडल्यावर) दर वेळी आधी तुलाच बोलायचंय (चाल करायचीय). आणि खेळायचंच असेल तर थ्री-बेट (त्याच्या रेझवर पुन्हा रेझ) कर, नुसता कॉल (त्याच्या रकमेएवढं भरणं) नको. हा सल्ला पाळणारे खेळाडू निमूटपणे पैसे गमावत राहतात आणि त्यालाच शिस्त समजतात. म्हणून एकेक कारण तपासतो.

'या जागेवर सगळेच हरतात.' खरंय. उत्तम खेळाडूंचा इथला हिशेबही तोट्याचाच असतो. पण फोल्ड तरी कुठे फुकट आहे? दर वेळी फोल्ड केलं तर या जागेवरच्या शंभर डावांत पूर्ण १०० बिग ब्लाइंड जातात. कॉल करून डावाला सरासरी ०.७ जात असेल, तर तोटा आहेच, पण फोल्डपेक्षा ०.३ ने कमी. शिवाय नऊ जणांत ही जागा नऊ डावांतून एकदा येते, सहा जणांत सहातून, चौघांत चारातून. टेबल लहान होत जातं तशी ही गळती वाढते.

'टाकलेला ब्लाइंड तुझा नाही.' हेही बरोबर, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक. तो पॉटमध्ये (मधल्या ढिगात) आहे आणि पॉट जिंकता येतो. बटणाने २.५ बिग ब्लाइंडला रेझ केलं, स्मॉल ब्लाइंड (अर्धा ब्लाइंड भरणारी जागा) फोल्ड झाला. पॉटमध्ये ४ आहेत, तुम्हाला १.५ भरायचेत. म्हणजे ५.५ च्या पॉटसाठी १.५, जेमतेम २७ टक्के वाटा जिंकला की पुरे. रेझ फक्त २ चं असेल तर २२ टक्केच पुरतात. शिवाय तुमच्यामागे बोलणारं कुणी उरलेलं नसतं, त्यामुळे कॉल केल्यावर कुणी पुन्हा रेझ करेल ही भीती नाही. इतका स्वस्त कॉल टेबलावर दुसऱ्या कुठल्याही जागेला मिळत नाही.

समोरच्याच्या बाजूनेही बघा. दोन्ही ब्लाइंडचे १.५ मिळवायला तो २.५ लावतोय, म्हणजे दोन्ही ब्लाइंड मिळून ६२.५ टक्के वेळा फोल्ड झाले की त्याचा खर्च भरून निघतो. स्मॉल ब्लाइंड ८५ टक्के वेळा सोडत असेल आणि तुम्ही ७४ टक्क्यांहून जास्त, तर त्याने हातातली पानं न बघताही रेझ केलं तरी नफाच होतो. आणि कॉल झाल्यावरही त्याला जिंकण्याची संधी असतेच. तुमच्या 'शिस्ती'चा पगार त्यालाच मिळतो.

आता पोझिशनचा, म्हणजे कोण आधी चाल करतो याचा मुद्दा. सल्ल्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच. आधी बोलावं लागतं म्हणून तुमच्या पानांचं पूर्ण बळ वसूल होत नाही, हे मान्य. पण किती वसूल होतं, ते पानांवर ठरतं. बटणाच्या रुंद रेंजसमोर (तो ज्या पानांनी रेझ करतो त्यांच्या मोठ्या संचासमोर) सूटेड (एकाच रंगाच्या, जसं दोन्ही बदाम) सत्ती-छक्कीची इक्विटी (पॉटमधला सरासरी वाटा) ४० टक्क्यांच्या आसपास असते. त्यातली ७० टक्के जरी वसूल झाली तरी २८ होतात, म्हणजे कॉल निघतो. वेगवेगळ्या रंगांची सत्ती-दुर्री मात्र टाकाच. तिची इक्विटी तीसच्या आसपास दिसते, पण वसूल फारच थोडी होते.

आणि वसुली हातात असते. समजा तुमच्याकडे बदामची सत्ती-छक्की आहे आणि फ्लॉपवर इस्पिक नव्वी, बदाम पंजी, चौकट दुर्री आली. तुम्ही चेक केलं (काही न लावता चाल पुढे दिली), त्याने पॉटच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, साधारण १.८ ची बेट लावली. बरेच जण इथेच पानं फेकतात. पण कुठलीही अठ्ठी आली की तुमची स्ट्रेट (ओळीने पाच पानं) होते, आणि पुढची दोन्ही पानं बदामची आली तर फ्लश (एकाच रंगाची पाच). इथे त्याच्या बेटवर सहापर्यंत रेझ, म्हणजे चेक-रेझ, करून बघा. समोरच्याकडे राजा-गुलाम, राणी-दश्शी अशी कोरी (जोडी न जुळलेली) पानं भरपूर असतात, आणि त्यांना पुढे जाणं जड जातं. एक्का-राजाचा फ्लॉप आला आणि हातात काहीच नसेल, तर मुकाट्याने सोडा.

'फक्त थ्री-बेट कर' हे अर्धंच बरोबर. मोठ्या जोड्यांबरोबर सूटेड एक्का-पंजीसारखी पानं त्यासाठी चांगली: हातात एक एक्का असला की समोर एक्क्यांची जोडी असण्याचे ६ प्रकार ३ वर येतात. पण सत्ती-छक्कीसारखी सगळीच पानं थ्री-बेटमध्ये घातलीत, तर बिनपोझिशनचे मोठमोठे पॉट तुम्हीच तयार कराल. ज्या अडचणीची भीती घातली जाते तिच्यातच जास्त पैसे घेऊन शिरण्यासारखं आहे हे.

सल्ला लागू पडतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे जास्त रेक (खेळवणाऱ्याचा हिस्सा). पॉटमधून ५ टक्के कापले जात असतील तर वरच्या कॉलला २७ ऐवजी जवळपास २९ टक्के लागतात, आणि काठावरची पानं गळतात. दुसरं, रेझ कुठून आलंय. पहिल्या जागेवरच्या खेळाडूने ३ बिग ब्लाइंडला रेझ केलं तर त्याची रेंज आवळलेली असते आणि तुम्हाला ३१ टक्के लागतात. तिथे वेगवेगळ्या रंगांची राजा-नव्वी टाकून द्या. बटणाच्या २.५ ला, रेक फार नसेल तर, तीच पानं घेऊन कॉल करा.